साडेतीन स्टार कुणासाठी?

'पूर्वार्ध काहीसा रेंगाळतो, मात्र उत्तरार्धात कथा वेग घेते. सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे. छायाचित्रण नेत्रसुखद, संगीत ठीकठाक. एकदा बघायला हरकत नाही. तीन स्टार.'

हा उतारा मी आत्ता रचला, कुठल्याही खऱ्या परीक्षणातून उचललेला नाही. तरी तुम्हाला तो आधी कुठेतरी वाचल्यासारखा वाटला असेल, कारण फक्त नाव बदलून तो वाट्टेल त्या चित्रपटाला चिकटवता येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे याला टेम्प्लेट म्हणतात. मजकूर तयार असतो, रिकाम्या जागी फक्त नाव, तारीख आणि रक्कम भरायची. बँकेचा एसएमएस असाच बनतो. चित्रपटाचं परीक्षणही असंच बनावं का, हा माझा पहिला प्रश्न. आणि त्याला चिकटून दुसरा: शेवटी येणारे ते स्टार नेमके कुणासाठी असतात?

दुसरा प्रश्न मला पडला तो मी बीड जिल्ह्यातली आहे म्हणून. त्याकडे येतेच. आधी परीक्षण तयार कसं होतं ते बघू.

गुरुवार रात्र, शुक्रवार सकाळ

चित्रपट शुक्रवारी लागतो. त्याच्या एक-दोन दिवस आधी, कधी कधी त्याच दिवशी सकाळी, पत्रकारांसाठी वेगळा खेळ ठेवतात. हा प्रेस शो. तो बहुतेक मुंबईत असतो, कधी पुण्यात. अमुक वेळेच्या आधी काही छापायचं नाही, अशी अट निर्माते अनेकदा घालतात. खेळ संपला की दाराशी दिग्दर्शक आणि कलाकार उभे असतात आणि 'कसा वाटला?' विचारतात. त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवून समीक्षक बाहेर पडतो आणि पुढच्या काही तासांत चारशे-पाचशे शब्द लिहितो. एकाच आठवड्यात तीन-चार चित्रपट आले तर हेच तीन-चार वेळा. वेबसाइटला मजकूर इतरांच्या आधी हवा असतो, कारण फोनवर शोधणारा माणूस पहिल्या दोन-तीन लिंकच उघडतो.

एवढ्या घाईत माणूस टेम्प्लेटचा आधार घेतो यात नवल नाही. ऑफिसात डेडलाइन अंगावर आली की आम्हीही जुना कोड कॉपी करतो. त्यामुळे समीक्षकांना आळशी म्हणण्यात मला रस नाही. मला रस आहे तो या सगळ्या यंत्रातून बाहेर काय पडतं त्यात. बाहेर पडतो एक आकडा. परीक्षणातला बाकी मजकूर विसरला जातो, आकडा शनिवारच्या जाहिरातीत आणि पोस्टरवर जाऊन बसतो.

चित्रपटाला स्टार द्यायची पद्धत जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थायरर या समीक्षिकेने ३१ जुलै १९२८ रोजी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या मूकपटाला एक स्टार दिला, तिथून ती सुरू झाल्याचं मानलं जातं. तिचं मोजमाप तीन स्टारचं होतं: तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा आणि शून्य म्हणजे वाईट. ती लिहीत होती अशा वाचकासाठी, जो संध्याकाळी कामावरून सुटून एका मोठ्या शहरात उभा आहे, आसपास बरीच थिएटरं आहेत, खिशात एका तिकिटाचे पैसे आहेत आणि कुठे शिरायचं ते ठरवायचंय. त्याला स्टार खरंच उपयोगी होते.

पुढे मोजमाप पसरत गेलं. अमेरिकेत रॉजर ईबर्ट 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये १९६७ पासून चार स्टारपैकी गुण देत होता. १९७५ मध्ये पुलित्झर मिळालेला तो पहिला चित्रपट समीक्षक. पण स्टार सापेक्ष असतात, हे तो वाचकांना वेळोवेळी समजावून सांगायचा. सुपरहिरोच्या चित्रपटाला मिळालेले तीन स्टार आणि गंभीर चित्रपटाला मिळालेले तीन स्टार एकाच तराजूत टाकायचे नसतात. त्याचीच समकालीन पॉलीन केल 'न्यूयॉर्कर'मध्ये अनेक वर्षं लिहीत राहिली आणि तिने स्टार दिले नाहीत. वाचक तिच्याशी भांडायचे ते तिच्या वाक्यांवरून.

मग इंटरनेट आलं आणि आकड्यांचेही आकडे व्हायला लागले. 'रॉटन टोमॅटोज' ही वेबसाइट १९९८ पासून आहे. तिच्यावरची टक्केवारी आपण परीक्षेच्या मार्कांसारखी वाचतो. ती तशी नाही. किती टक्के समीक्षकांना चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढंच ती सांगते. साधा हिशोब करून बघा. एका चित्रपटाला दहाच्या दहा समीक्षकांनी १० पैकी ६ दिले. सगळ्यांचं मत 'बरा आहे', म्हणून तो १०० टक्के. दुसऱ्या चित्रपटाला सात जणांनी १० पैकी १० दिले आणि तिघांनी वैतागून ४ दिले. तो ७० टक्के. सरासरी काढली तर पहिल्याचे ६ आणि दुसऱ्याचे ८.२ येतात. म्हणजे कुणालाच न खटकणारा चित्रपट वर जातो आणि माणसं ज्याच्यावरून भांडतात तो खाली. मराठीतले जे चित्रपट आपण आज आठवतो, त्यातले बरेचसे भांडायला लावणारेच होते.

डेटावर काम करणाऱ्या कुणालाही हे कळतं: माहिती जितकी दाबून लहान कराल, तितकं त्यातलं काहीतरी कायमचं जातं. फोटो दाबून दाबून थंबनेल केला की चेहरा ओळखता येतो, डोळ्यांतलं पाणी दिसत नाही. स्टार हे चित्रपटाचं थंबनेल आहे. थंबनेल वाईट नसतं. ते बघून मूळ फोटो उघडायचा असतो.

आमच्याकडचा शुक्रवार

आता बीड. जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि थिएटरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मी केज तालुक्यातली. रेल्वे बीड शहरात पोचली तीच २०२५ च्या सप्टेंबरात. त्यामुळे मुंबई-पुण्याचा शुक्रवार आमच्याकडे कधीच शुक्रवारी आला नाही. मोठ्या हिंदी चित्रपटाला पडदा मिळायचा. मराठीत एखादा चित्रपट खूप गाजला की तो यायचा, उरलेले यायचेच नाहीत. आणि आला तरी गावाकडच्या एका मुलीने टॉकीजला जायचं म्हणजे सोबत कोण, येताना एसटी कितीची, टॉकीजमध्ये कोण कोण असतं, असे दहा प्रश्न. चित्रपट चांगला की वाईट हा अकरावा. तो विचारायची वेळ सहसा यायची नाही.

पेपर मात्र रोज घरी यायचा. म्हणजे परीक्षण यायचं आणि चित्रपट यायचा नाही. शाळेपासून बारावीपर्यंत मी जे चित्रपट पाहिले नव्हते, त्यांची परीक्षणं वाचत होते. वडिलांना वाटायचं, पोरगी पेपर वाचायली, चांगलंय. मी वाचत होते मुंबईत लागलेल्या चित्रपटांबद्दल, आणि त्यातल्या वाक्यांवरून डोक्यात माझे स्वतःचे चित्रपट बनवत होते.

त्या वाचनातून एक गोष्ट मला पक्की कळली. स्टार माझ्या काहीच कामाचे नव्हते. 'बघा' किंवा 'बघू नका' हा सल्ला ज्याच्यासाठी होता त्याच्या घराजवळ मल्टिप्लेक्स होतं. ज्या परीक्षणात फक्त कथा आणि विशेषणं असायची, ती वाचून डोक्यात काहीच उमटायचं नाही. कुणी एखादी फ्रेम, एखादी शांतता, एखाद्या पात्राची खुर्चीत बसायची पद्धत लिहिली असेल, तर तो चित्रपट माझा व्हायचा. पुढे दोन वर्षांनी टीव्हीवर किंवा हॉस्टेलमध्ये कुणाच्या लॅपटॉपवर तो बघायला मिळायचा तेव्हा मी त्या जागेची वाट बघत बसायची.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला तेव्हा माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच्याबद्दल मी जे वाचलं त्यात एका ठिकाणी शाळेच्या भिंतीचा उल्लेख होता. जब्याच्या घरचे मेलेलं डुक्कर खांद्यावर टाकून नेतात, आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा-सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. चित्रपटात हे कुणी बोलून दाखवत नाही. कॅमेरा थांबून 'बघा, बघा' म्हणत नाही. माणसं भिंतीसमोरून जातात, एवढंच. पण ते लिहिणाऱ्याने पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमच्या शाळेच्या भिंतीवरचे फोटो मला वेगळे दिसायला लागले. चित्रपट मी त्यानंतर वर्षाहून जास्त काळाने पाहिला. एका अर्थाने त्या दोन ओळींत तो आधीच पोचला होता.

याला मी समीक्षेचं काम म्हणते. त्या लेखाला किती स्टार होते ते मला आठवत नाही.

'संथ' म्हणजे काय?

परीक्षणांमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी समजावून सांगितला जाणारा शब्द म्हणजे 'संथ'. त्याचे भाऊबंद 'रेंगाळतो' आणि 'लांबलाय'. स्टार कापायला हा शब्द फार सोयीचा. दोन चित्रपट शेजारी ठेवते.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. तो जवळपास तीन तासांचा आहे. पहिल्या भागात गाणी, विहीर, बुलेट, ट्रॅक्टर. मग दोघं पळून हैदराबादला जातात आणि चित्रपटाचा सगळा वेग उतरतो. पत्र्याची खोली, डोशाची गाडी, कारखान्यातलं काम, भांडण, अबोला. हा भाग लांबल्याची तक्रार तेव्हा मी कितीतरी जणांकडून ऐकली, आणि छापलेलीही वाचली. पण तो भाग लांब आहे कारण संसार लांब असतो. पहिल्या भागात आपण जे स्वप्न बघून शिट्ट्या मारल्या, त्याचं भाडं दुसऱ्या भागात रोजच्या रोज भरावं लागतं. तो कंटाळा आपल्या अंगात मुरला नाही, तर शेवटी आवाज जातो आणि एक लहान मूल चालत येतं तेव्हा आपण तसे हादरणार नाही. तिथे संथपणा ही कथेची गरज आहे.

'कोर्ट' त्याच्या एक वर्ष आधी, १७ एप्रिल २०१५ ला प्रदर्शित झाला. चैतन्य ताम्हाणेंचा हा चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला होता आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला होता. त्याचा संथपणा वेगळ्याच जातीचा. कॅमेरा लांब, एका जागी ठोकून ठेवल्यासारखा. वीरा साथीदार यांनी केलेला शाहीर नारायण कांबळे आरोपीच्या जागी उभा असतो आणि तारखांवर तारखा पडत राहतात. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. थिएटरात लोक उठायला लागतात. आणि चित्रपट पुन्हा सुरू होतो: न्यायाधीश महाशय नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेत. व्यवस्थेला सुट्टी असते तेव्हा आरोपी कुठे असतो, हा प्रश्न तिथे आपल्यावर सोडलेला आहे. म्हणजे इथे वेळ हीच शिक्षा आहे, आणि ती थोडीशी प्रेक्षकालाही भोगायला लावलीय.

तिसरा संथपणा असतो तो खराब संकलनाचा. दिग्दर्शकाला स्वतःचा एकही सीन कापवत नाही म्हणून आलेला. त्यावर समीक्षकाने बेधडक टीका करावी.

आता सांगा, या तिन्हींसाठी 'चित्रपट संथ आहे' हे एकच वाक्य आणि वजा अर्धा स्टार चालेल का? हा फरक करून दाखवणं यासाठीच तर आपण दुसऱ्या कुणाचं तरी मत वाचतो. 'मला कंटाळा आला' हे तर माझं मलाही कळतं. तो कंटाळा चित्रपटाने मुद्दाम दिला की चुकून, हे सांगायला बघायची सवय असलेला माणूस लागतो.

'ग्रामीण' नावाचं एकच गाव

मराठवाड्यातली वाचक म्हणून माझी एक जुनी तक्रार आहे. मुंबई-पुण्याच्या परीक्षणांमध्ये महाराष्ट्रात एकच गाव आहे. त्याचं नाव 'ग्रामीण'. तिथली बोली 'अस्सल ग्रामीण', माणसं 'रांगडी', बाज 'मातीतला'. ही तीन विशेषणं लावली की करमाळा, कोल्हापूर, यवतमाळ आणि परळी सगळं एका पोत्यात भरता येतं.

पण पश्चिम महाराष्ट्रात 'काय करतुयास' म्हणतात, विदर्भात 'काय करून राहिला' म्हणतात आणि आमच्याकडे 'काय करायलास'. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याचा सूर मोठ्या पडद्यावर नेला तेव्हा आमच्याकडच्या लोकांना जो आनंद झाला, तो 'ग्रामीण विनोद' या शब्दांत मावत नाही. 'कायद्याचं बोला' मधल्या त्यांच्या वकिलाचं आडनाव कुंथलगिरीकर आहे. पुण्याच्या प्रेक्षकाला ते गमतीदार आडनाव वाटलं असेल. आम्हाला ते बीडहून धाराशिवकडे जाताना लागणारं, खव्याच्या पेढ्याचं, जैन तीर्थाचं खरं गाव वाटलं. एका आडनावाने हसणारे दोन गट झाले. एक गट आडनावाला हसला, दुसरा ओळखीने हसला. हा फरक टिपणारं परीक्षण माझ्या वाचनात आलं नाही.

यात फक्त अस्मितेचा प्रश्न नाही, अर्थाचाही आहे. 'कोयता' हा शब्द घ्या. आज पुण्याच्या बातम्यांत कोयता म्हणजे हत्यार, कोयता म्हणजे गँग. बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघताना मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि कारखान्याच्या हिशोबात ती दोन माणसं एक कोयता असतात. उद्या ऊसतोडीवर चित्रपट आला आणि त्यात कुणी विचारलं, 'यंदा किती कोयते?', तर आमच्याकडचा प्रेक्षक त्या एका शब्दात अख्खं लग्न, कर्ज आणि पाचटाची कोपी बघेल. प्रेस शोमध्ये बसलेल्याला तिथे शेतीचं अवजार दिसेल. त्याने माहिती करून घेतली नाही, तर तो लिहील, 'बोलीचा बाज छान पकडला आहे.' आणि साडेतीन स्टार देईल. साडेतीन! इतके चांगले गुण, आणि चित्रपट बघितलाच नाही.

प्रत्येक समीक्षकाने प्रत्येक जिल्ह्यात जाऊन राहावं असं मी म्हणत नाही. पण जपानी चित्रपटावर लिहिताना जो माणूस चहाच्या विधीबद्दल चार गोष्टी वाचून घेतो, त्याने केज-धारूरकडच्या चित्रपटाआधी एखादा फोन करायला काय हरकत आहे?

याच्याच उलट बाजूला 'मराठी आहे म्हणून अर्धा स्टार जास्त' ही दयाबुद्धी आहे. आपला माणूस आहे, बजेट कमी आहे, थिएटर मिळत नाही, म्हणून सांभाळून घ्या. भावना समजते. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'ख्वाडा' मोठा आहे तो जमीन विकली म्हणून नाही. त्यातला मेंढरांचा आणि वाऱ्याचा आवाज जागेवर टिपलेला आहे, आणि त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धनगराच्या वाड्यात रात्री काय ऐकू येतं ते तो चित्रपट ऐकवतो. परीक्षणात जमिनीची गोष्ट चार ओळी आणि आवाजाबद्दल 'तांत्रिक बाजू उत्तम' एवढंच आलं, तर आपण दिग्दर्शकाचं कौतुक केलं आणि चित्रपटाचा अपमान केला.

गुण द्यायची हौस सरकारलाही आहे. राज्य शासनाची समिती मराठी चित्रपट बघून त्यांना 'अ' आणि 'ब' दर्जा देते आणि त्यावर अनुदान ठरतं, 'अ'ला ४० लाख आणि 'ब'ला ३० लाख, असं बरीच वर्षं चालत आलंय. तिथे दर्जा द्यावाच लागतो, कारण शेवटी चेक लिहायचाय. समीक्षकाला चेक लिहायचा नसतो. मग त्याने स्वतःला परीक्षा समितीच्या खुर्चीत का बसवून घ्यावं?

मग समीक्षक हवाच कशाला?

इथे कुणी म्हणेल, सोड ना मग. बुकमायशोवर लोक मार्क देतात, आयएमडीबी आहे, लेटरबॉक्स्ड आहे, यूट्यूबवर थिएटरच्या बाहेर माइक घेऊन पोरं उभी आहेत. व्यावसायिक समीक्षकाची गरजच काय?

मला उलट वाटतं. लोकांच्या आकड्यांत समीक्षकांच्या आकड्यांचे सगळे दोष आहेतच, वर आणखी आहेत. चाहत्यांच्या फौजा चित्रपट न बघता दहा देतात, विरोधक न बघता एक देतात. म्हणूनच आयएमडीबी साधी सरासरी दाखवत नाही. ती मतांना वेगवेगळं वजन देते, आणि ते वजन नेमकं कसं ठरतं हे जाहीर करत नाही. कमी मतं पडलेल्या छोट्या मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर शंभर-दोनशे माणसं मिळून आकडा हवा तिथे नेऊ शकतात.

निर्मात्यांनाही हे कळलंय, फक्त त्यांनी काढलेला उपाय भलताच आहे. केरळमध्ये २०२३ साली ऑनलाइन परीक्षणांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने मार्च २०२४ मध्ये सुचवलं की चित्रपट लागल्यावर पहिले ४८ तास व्लॉगर मंडळींनी परीक्षण करू नये. तमिळनाडूत नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरच्या आवारात यूट्यूब चॅनेलना येऊ देऊ नका, असं आवाहन केलं. पैसे घेऊन चांगलं-वाईट बोलणारे आहेत, हे खरं. पण ४८ तास सगळ्यांची तोंडं बंद ठेवली तर त्या दोन दिवसांत फक्त जाहिरात बोलणार. आणि छोटा चित्रपट, ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, त्याच्याबद्दल पहिल्या शनिवारी-रविवारी कुणीच बोललं नाही तर सोमवारी त्याचे खेळ उतरतात. मग तो आमच्या जिल्ह्यापर्यंत येणं तर लांबच.

म्हणजे समीक्षकाकडे ताकद आहे, आणि ताकद कुणाच्या हाती आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केलं. त्यांच्या परीक्षणाला निर्माते थरथर कापायचे. मंटोने त्यांच्यावर एक अख्खा लेख लिहिलाय. जीभ अशी की माणूस घायाळ होऊनही हसेल. पण त्याच बाबूरावांनी स्वतः चित्रपटही काढले. दुसऱ्यांच्या चित्रपटांचा न्याय करायचा आणि आपलाही बाजारात आणायचा, यातली अडचण आज कुणालाही दिसेल. निर्भीड असणं आणि न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ताकद म्हणजे काय, याचं सगळ्यात चांगलं चित्र मला ताम्हाणेंच्याच 'द डिसायपल'मध्ये दिसतं. त्यात एक जाणकार आहे, दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा संग्राहक. शरद आयुष्यभर ज्यांना देव मानत आला, त्या कलाकारांबद्दल तो शांतपणे नको ते बोलत जातो. शरदला ते सहन होत नाही, तो त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. प्रसंग बघताना मी शरदच्या बाजूची होते. नंतर वाटलं, तो माणूस खोटं बोलत होता का? आपल्याला माहीत नाही, आणि शरदलाही. जाणकाराचं एक वाक्य कलावंताच्या आत किती वर्षं राहू शकतं, हे त्या प्रसंगाइतकं नेमकं मी कुठे पाहिलेलं नाही. स्टार देणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा बघावा.

'द डिसायपल' ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. लॉकडाऊनमुळे मी घरी होते आणि केज तालुक्यात बसून, फोनवर, पहिल्याच दिवशी मी तो पाहिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कमधला माणूसही बघू शकत होता. पहिल्यांदाच आमचा शुक्रवार आणि जगाचा शुक्रवार एक झाला. तेव्हा वाटलं होतं, आता परीक्षणाची गरज संपली. झालं उलटंच. चित्रपट संपला आणि बोलायला कुणीच नव्हतं. आईने विचारलं, 'काय झालं मग शेवटी?' मला सांगता येईना. मला त्या रात्री 'बघू की नको' सांगणारं कुणी नको होतं. मी जे पाहिलं ते आणखी कुणी पाहिलं का, हे हवं होतं. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याच्यावरचं मिळेल ते वाचत होते.

अशा वाचकासाठी लिहिणारे मराठीत आहेत. गणेश मतकरी यांनी 'आपला सिनेमास्कोप' या ब्लॉगवर वर्षानुवर्षं लांब लेख लिहिले. विजय पाडळकर यांनी नांदेडमध्ये राहून चित्रपटांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. अरुण खोपकर यांनी गुरुदत्तवर 'तीन अंकी शोकांतिका' लिहिली, ती वाचताना प्रकाश आणि सावली यांच्याकडे बघायला शिकतो माणूस. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून लोकांना एकत्र बसवून चित्रपट दाखवतंय आणि त्यावर बोलायला लावतंय. यातलं काहीच शुक्रवारच्या घाईतलं नाही. पण शुक्रवारच्या चारशे शब्दांतही यातला एक घास येऊ शकतो. त्या शाळेच्या भिंतीला दोनच ओळी लागल्या होत्या.

आपण ज्याला मराठीत 'परीक्षण' म्हणतो, त्यात आपल्याला आधी 'परीक्षा' ऐकू येते. पण त्या शब्दाच्या पोटात 'ईक्ष्' आहे, म्हणजे पाहणं. परीक्षण म्हणजे सगळीकडून पाहणं, समीक्षण म्हणजे नीट पाहणं. दोन्ही शब्दांत मार्क कुठेच नाहीत.

स्टार बंद होणार नाहीत, मला माहीत आहे. पोस्टरला ते हवेत, वेबसाइटला हवेत, आणि खरं सांगायचं तर ज्याच्याकडे तीनशे रुपये आणि एक संध्याकाळ आहे त्यालाही हवेत. राहू द्या. एवढीच विनंती आहे की लिहिणाऱ्याने प्रत्येक परीक्षणात निदान एक गोष्ट अशी लिहावी जी चित्रपट बघितल्याशिवाय लिहिता आलीच नसती. ट्रेलर बघून नाही, प्रेसनोट वाचून नाही. आणि वाचणाऱ्याने, म्हणजे आपण, पुढच्या शुक्रवारी फोनवर परीक्षण उघडलं की अंगठा स्टारवर ठेवून बाकीचं वाचावं. वाचून झाल्यावर डोळ्यांसमोर काही उभं राहिलं, तर त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा. काहीच उभं राहिलं नाही, तर अंगठा उचलायचीही गरज नाही.